रक्तदाबाची साक्ष

संशयी : नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण आणला की प्रथम त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळतात, आकडा पाहतात, आणि ‘बीपी नॉर्मल आहे’ हे शब्द कानी पडताच सोबत आलेल्या माणसांच्या जिवात जीव येतो. माझी तक्रार त्या यंत्राविरुद्ध नाही. तो आकडा खोटा असतो, असेही मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे इतकेच, की रक्तस्रावाने, अतिसाराने किंवा विषबाधेने शरीराचा कारभार ढासळू लागतो, तेव्हा रक्तदाब हा फार उशिरा तोंड उघडणारा साक्षीदार असतो, आणि आपण मात्र सर्वांत आधी त्याचीच जबानी घेतो. शरीराच्या स्वयंनियमनाचे आपण इतके गोडवे गाइले आहेत, की त्या नियमनाच्या पोटात दडलेला धोका पाहण्याची कोणाला गरजच वाटत नाही.

आस्थावादी : धोक्याची चर्चा अवश्य करू, परंतु ज्या व्यवस्थेवर तुम्ही फिर्याद गुदरत आहात तिचे स्वरूप आधी नीट समोर येऊ द्या. रक्तदाब हा दोन राशींचा गुणाकार आहे. हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त महाधमनीत लोटते, म्हणजे विसावलेल्या प्रौढ माणसात सुमारे 5 लिटर, ती पहिली राशी. आणि शरीरभर पसरलेल्या बारीक धमन्या त्या प्रवाहाला जो रोध करतात ती दुसरी. या बारीक धमन्यांचे सामर्थ्य सहज लक्षात येत नाही. नळीचा व्यास निम्मा झाला तर तिचा रोध दुप्पट किंवा चौपट होऊन थांबत नाही, तो सोळापट होतो. म्हणूनच भिंतीतील स्नायूंच्या किंचित आकुंचनाने सगळ्या अभिसरणाचा तोल बदलू शकतो. मनुष्य अंथरुणावरून उठून उभा राहिला की अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पायांच्या शिरांकडे ओसरते, आणि तरीही त्याला भोवळ येत नाही. याचे कारण असे, की मानेत ज्या ठिकाणी धमनीला दोन फाटे फुटतात तेथे आणि महाधमनीच्या कमानीत, भिंतीचा ताण जोखणारी चेतातंतूंची टोके बसलेली असतात. ताण कमी झाल्याची वर्दी ती मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे धाडतात आणि एकदोन ठोक्यांच्या आत हृदयाची गती वाढते, बारीक धमन्या आवळतात, आणि ज्या शिरांत एकूण रक्ताचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग संथपणे पडून असतो त्या आकसून आपली शिल्लक हृदयाकडे रवाना करतात. एवढ्याने भागले नाही तर मूत्रपिंडे रेनिन स्रवतात, त्यातून उत्पन्न होणारी द्रव्ये धमन्या आणखी आवळतात व क्षार राखून ठेवायला लावतात, मेंदूतल्या ग्रंथीचा स्राव पाणी मूत्रावाटे जाऊ देत नाही, घसा कोरडा पडून तहान लागते, आणि ऊतींमधला द्रव केशवाहिन्यांत परत झिरपू लागतो. पहिली तजवीज क्षणांत, दुसरी मिनिटांत आणि तासांत, शेवटची दिवसांत. 1733 साली इंग्लंडातील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्ताचा स्तंभ 8 फुटांहून अधिक उंच चढलेला पाहिल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हापासून आजपर्यंत या विषयात जे जे कळत गेले त्याने माझा आदर वाढतच गेला आहे.

संशयी : तुम्ही गुणाकार म्हणालात तेथेच मी थांबतो, कारण माझी सगळी शंका त्या एका शब्दात आहे. गुणाकार कायम राखायचा असेल तर एक राशी घटली तरी चालते, दुसरी वाढली म्हणजे झाले. हृदयाचा निष्कास 5 लिटरांवरून 3 लिटरांवर आला आणि धमन्यांनी आपला रोध त्याच प्रमाणात वाढवला, तर पट्ट्यावरचा आकडा जागचा हलणार नाही. पण पेशी दाबावर जगत नाहीत. त्या प्रवाहावर, प्रवाहाबरोबर येणाऱ्या प्राणवायूवर जगतात. 2016 साली मांजरा धरण आटले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस आठवा. टाकीत पाणी थोडे असताना नळाला जोर टिकवायचा उपाय नगरपालिकेपाशी एकच असतो : काही वस्त्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवणे. ज्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडा तेथे पाण्याला जोर दिसतो. बंद वस्तीतल्या बाईच्या घागरीचा हिशेब त्या जोरात कोठे उमटतो? शरीरही नेमके हेच करते. त्वचा, आतडी, स्नायू, मग मूत्रपिंडे, अशा एकेका मुलुखाचे पाणी तोडून ते राजधानीचा दाब सांभाळते. शॉक म्हणजे रक्तदाब उतरणे, ही व्याख्या म्हणूनच अपुरी आहे. ऊतींना पुरेसे रक्त पोचत नाही, त्या प्राणवायूवाचून जगू पाहतात, लॅक्टिक आम्ल साचते, पेशींचे चलनवलन मंदावते, तेव्हा शॉक सुरू झालेला असतो. दाब त्यानंतर उतरतो.

आस्थावादी : तुमचा दृष्टांत मी तसाच स्वीकारतो, आणि तो माझ्याच बाजूने बोलतो असे म्हणतो. पाणी थोडे असताना कोणता तरी व्हॉल्व्ह बंद करावाच लागतो. प्रश्न एवढाच, की तो कोणत्या न्यायाने केला. त्वचा तासन्‌तास तुटपुंज्या रक्तावर निभावून नेते, मूत्रपिंड काही काळ धीर धरते, परंतु मेंदूला रक्तावाचून पाचसात मिनिटेही काढता येत नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूलाही फार काळ धीर धरता येत नाही. जो जितका कमी सोसू शकतो त्याला तितके आधी द्यायचे, याहून अधिक न्याय्य वाटप मला सुचत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारी आणि आसपासची गावे हादरली. जाड दगडमातीच्या भिंतींची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि 8 ते 10 हजार जीव गेले. जे तासन्‌तास ढिगाऱ्याखाली राहून जिवंत निघाले, रक्त गमावून, तहानेने व्याकूळ होऊन, मोडलेल्या हाडांनिशी चाळीसएक किलोमीटर दूर लातूरपर्यंत किंवा सोलापूरपर्यंत पोचू शकले, ते कोणत्या बळावर? बाहेरची मदत येईपर्यंतचा काळ या आवळलेल्या धमन्यांनीच मिळवून दिला. ज्याला तुम्ही आकड्याची लपवाछपवी म्हणता ती मला मिळालेली मुदत वाटते.

संशयी : मुदत मिळते हे मान्य, पण ती मुदत मिळाली आहे आणि संपत चालली आहे, हे मदत करणाऱ्याला कळत नाही, हाच माझा आक्षेप आहे. किल्लारीचे नाव तुम्ही काढलेत म्हणून ढिगाऱ्याबद्दलच बोलतो. मांडी दगडाखाली तासन्‌तास चेपलेली असते, माणूस नीट बोलत असतो, दाब ठीक असतो. दगड उचलला जातो, सर्वांना हायसे वाटते, आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो खचतो. चेपलेल्या स्नायूंत रक्तातला द्रव लिटर-लिटर झिरपून अडकतो, स्नायूंतले पोटॅशियम हृदयाकडे धावते, आणि जे वाचतात त्यांची मूत्रपिंडे पुढच्या दिवसांत बंद पडतात. लंडनवरील बाँबवर्षावानंतर 1941 साली बायवॉटर्स आणि बील यांनी हे चित्र पद्धतशीरपणे मांडले. त्याआधी अशा खचण्याचे खापर एखाद्या अज्ञात विषावर किंवा चेतासंस्थेच्या थकव्यावर फोडले जाई. 1930 च्या सुमारास आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी जखमी अवयवातच साठलेल्या द्रवाचे मोजमाप करून दाखवले, की दाब उतरण्यास तेवढी हानी पुरेशी आहे. रक्त शरीराबाहेर सांडलेले कोणाला दिसले नव्हते, एवढेच.

पण भूकंप पिढीतून एकदा येतो. बाळंतपण रोजचे आहे. किनवट-माहूरच्या डोंगरातली एखादी तरुण बाई बाळंत होते, वार पडते किंवा अर्धी अडकते, आणि रक्त जाऊ लागते. गर्भारपणात तिच्या शरीराने रक्ताचे आकारमान आधीच जवळजवळ निमपटीने वाढवून ठेवलेले असते, धमन्या तरुण असतात, हृदय दणकट असते. दीड लिटर रक्त गेले तरी पट्ट्यावर 110 दिसू शकतात. नांदेड तेथून शंभराहून अधिक किलोमीटर. त्या 110 च्या भरवशावर जो तास वाया जातो तो तुमच्या न्याय्य वाटपाने भरून निघत नाही, कारण असे शरीर पायरीपायरीने खचत नाही. ते शेवटपर्यंत पाय रोवून उभे राहते आणि मग एकदम कोसळते.

आस्थावादी : हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला मी बगल देणार नाही. पण दोष शरीराकडे जातो की विचारणाऱ्याकडे, ते पाहू. मोठ्या धमन्यांत प्रवाह मोजणारे इंद्रिय नाही, ताण जोखणारे आहे. त्यामुळे शरीर जे मोजू शकते तेच ते राखते, हे खरे. तथापि हृदयाच्या अलिंदांत आणि फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाहिन्यांत, जेथे दाब मुळातच कमी असतो तेथे, रक्ताचे आकारमान जोखणारी दुसरी टोके आहेत, आणि धमनीतला दाब तसूभरही हललेला नसताना ती घटीची वर्दी देतात. म्हणजे शरीराला आधी कळलेले असते, आणि ते सांगतही असते. नाडी जलद होते. वरचा व खालचा आकडा जवळजवळ येऊ लागतात. हातपाय गार पडतात, कपाळावर घाम येतो, लघवी कमी होते, तहान लागते, रुग्ण बेचैन होऊन सारखी कूस बदलतो. नख दाबून सोडले तर त्याची लाली दोन सेकंदांत परत यायला हवी, ती रेंगाळते. आलगोवर आणि बुरी या स्विस शल्यवैद्यांनी 1967 साली सुचवले, की नाडीचा आकडा दाबाच्या वरच्या आकड्याने भागून पाहावा. निरोगी माणसात तो भागाकार अर्ध्याच्या आसपास असतो, आणि बाळंतिणीत तो एकाकडे झुकला की दाब कितीही समाधानकारक दिसो, गाडी मागवावी. तुमच्या त्या 110 च्या शेजारी 120 ची नाडी ठेवा, आणि आकडा स्वतःच कबुली देईल. आशाताईच्या हाती दिलेले घड्याळ आणि तिने रुग्णाच्या तळव्याला केलेला स्पर्श यांना मी कमी लेखत नाही.

संशयी : तळव्याचा स्पर्श सर्वत्र एकच भाषा बोलत नाही. पू होऊन जंतू रक्तात शिरले की प्रारंभी कित्येकदा हातपाय उबदार असतात, नाडी भरदार लागते, कारण तेथे धमन्या आवळण्याऐवजी सैलावलेल्या असतात; वाहिन्यांच्या भिंतींत नायट्रिक ऑक्साइड इतके निपजते, की आवळण्याचा हुकूम पोचूनही त्याची तामिली होत नाही. पेनिसिलिनच्या सुईने किंवा गांधीलमाशीच्या दंशाने होणाऱ्या ॲलर्जीतही वाहिन्या सैल पडतात व गळू लागतात. तेथे ॲड्रेनॅलिनची सुई हाच इलाज, आणि तोही मिनिटांत. हृदयाचा झटका येऊन पंपच निकामी झाला, किंवा हृदयाच्या पिशवीत पाणी भरून त्याला पसरायलाच जागा उरली नाही, तर तक्रार आणखी निराळी. वरून सगळ्यांचे नाव एकच. बाटली लावण्याचे दुखणे आणि बाटलीने बिघडणारे दुखणे यांना आपण एकाच नावाने हाक मारतो.

याहून मोठी अडचण लाल विंचवाची आहे. मराठवाड्यातल्याच जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीत आरोग्य केंद्रावर असताना त्यांनी पाहिले, की विंचू चावलेली मुले घामाने डबडबतात, ओकतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, आणि तरीही पहिल्या काही तासांत त्यांचा रक्तदाब चढलेला असतो. पुढे फुप्फुसांत पाणी भरते, दाब उतरतो आणि मूल जाते. विष चेताटोकांतून ॲड्रेनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर सोडते. धमन्या सर्व शक्तीनिशी आवळतात. आणि त्या आवळणीविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय मोडते. त्यांनी प्रॅझोसिन दिले, म्हणजे धमन्या सैल करणारे, दाब उतरवणारे औषध. शॉकच्या उंबरठ्यावरच्या मुलाला दाब उतरवणारी गोळी! आणि गंभीर दंशात शेकडा 30-40 च्या घरात असणारे मृत्यू 1 च्या आसपास आले. शरीराच्या शहाणपणावर श्रद्धा ठेवून बसले असते तर त्यांना हे धाडस झाले असते काय?

आस्थावादी : बावस्करांच्या कार्याबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे, महाराष्ट्राच्या वैद्यकात त्याला फारशी जोड नाही, असे माझे मत आहे. पण निष्कर्ष तुम्ही काढता तो निघत नाही. तेथे शरीराने निर्णय घेतलेलाच नव्हता. दाब उतरल्याची वर्दी मानेतून आली नव्हती. विषाने खोटा हुकूम काढला आणि धमन्यांनी तो बजावला. बनावट सही ओळखून हुकूम रद्द करणे म्हणजे सरकार उलथवणे नव्हे.

संशयी : धमनीला सही वाचता येत नाही. हुकूम खरा असो की बनावट, ती सारखीच आवळते, आणि फार काळ आवळून राहिली तर सारखेच नुकसान करते. कार्ल विगर्स यांनी 1940 च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग केले. रक्त काढून दाब ठरावीक मुदतीपर्यंत खाली ठेवायचा आणि मग काढलेले सगळे रक्त परत द्यायचे. दाब परत चढे. आणि पुढे काही तासांत पुन्हा उतरून प्राणी मरे. सांडलेले भरून दिले होते, तरी व्हॉल्व्हमागच्या वस्त्यांत इतका नाश झाला होता, की त्यांनी मुख्य व्यवस्थेलाच बुडवले. हुकूम तेथे खराच होता.

आस्थावादी : त्या प्रयोगातून मी ‘लवकर भरून द्या’ असा अर्थ काढतो, आणि त्या अर्थाने लाखो जीव वाचवले आहेत. 1971 मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, सलाइनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पटकीच्या रुग्णांना पाजले, आणि शेकडा 30 च्या आसपास असलेले मृत्यू 4 च्या आत आले. आतड्याला द्रव शोषता येतो, मूत्रपिंडाला क्षार राखता येतो, तहान योग्य वेळी लागते, या शरीराच्या अंगभूत शक्तींनाच त्यांनी साह्य केले. उन्हाळ्यात नांदेडचा पारा 43-44 अंशांवर जातो, शेतात राबणारा मजूर घामावाटे लिटरमागून लिटर पाणी घालवतो आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेच्या वाहिन्याही उघडाव्या लागतात. तेथेही वेळेवर मिळालेले मीठ-साखरेचे पाणी सलाइनच्या बाटलीची पाळी येऊ देत नाही.

संशयी : पटकीत होय. परंतु 2011 साली युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांतल्या तीन हजारांहून अधिक तापकरी मुलांवर झालेल्या चाचणीचा निकाल तुमच्या ‘लवकर भरून द्या’ला उत्तर देतो. अभिसरण मंदावल्याची तुम्ही सांगितलीत तीच लक्षणे पाहून काही मुलांना घाईने शिरेतून द्रव दिला, काहींना नाही. द्रव दिलेल्यांत दोन दिवसांत शेकडा 10 हून अधिक मुले गेली, न दिलेल्यांत 7 च्या आसपास. नख दाबून लाली रेंगाळली म्हणजे बाटली लावा, हा नियम तेथे घातक ठरला. दाबाचा आकडा चढवत नेण्याचेही तसेच. फ्रान्समध्ये जंतुजन्य शॉकच्या रुग्णांत काहींचा सरासरी दाब 65 ते 70 वर व काहींचा 80 ते 85 वर राखून पाहिला. 2014 साली निकाल आला तेव्हा मृत्यूंत फरक दिसला नाही.

आस्थावादी : त्याच फ्रेंच चाचणीत, ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाबाचा विकार होता त्यांच्यापैकी चढा दाब राखलेल्या कमी जणांना डायलिसिस लागले, हेही सांगा. म्हणजे आकडा निरर्थक नाही. तो ज्याचा त्याचा आहे. वर्षानुवर्षे 170 वर जगलेल्या अहमदपूरच्या वृद्ध शेतकऱ्याला 115 हा दिलासा नसून गंभीर इशारा आहे, आणि सडसडीत मुलीला 95 हा रोजचा दाब असू शकतो. आकड्याला इतिहास जोडावा लागतो; बाळंतिणीचा गर्भारपणीचा दाब कार्डावर लिहिलेला असला तर बाळंतपणाच्या रात्रीचा आकडा काही तरी सांगू लागतो. तुमच्या सगळ्या उदाहरणांतून मला एवढे पटले, की दाब, नाडी, उष्मा, लघवी यांपैकी एकाचीही साक्ष एकटी घेऊन निवाडा करता येत नाही, आणि शरीर ज्या गोष्टीचे रक्षण करते तिच्याकडे पाहून त्याला त्या रक्षणाची काय किंमत पडते आहे ते कळत नाही. इतके मी मान्य करतो. पण ही किंमत नाडीत आणि तळव्यात आधी दिसते, हा माझा मुद्दा तुम्हीही खोडलेला नाही.

संशयी : खोडलेला नाही, मात्र ती दिसते कशी, ते पाहा. जलद नाडी तापात असते, भीतीत असते, पंडुरोगात असते, वेणांनी थकलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईत असते. उलट रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्या वृद्धाची नाडी रक्त जात असतानाही चढत नाही. लवकर बोलणारी साक्ष संदिग्ध आहे, आणि निःसंदिग्ध साक्ष उशिरा बोलते. किनवटच्या केंद्रात रात्री 2 वाजता बाई बाळंत झाली आहे, दाब 110, नाडी 118, पाय किंचित गार, रक्त बेताचे दिसते आहे, दारात एकच गाडी उभी आहे. तुम्ही काय कराल?

आस्थावादी : पोटावरून गर्भाशय चोळून ते आवळते का पाहीन, ऑक्सिटोसिन देईन, शीर बंद पडण्याआधी सुई लावून ठेवीन, आणि गाडीत घालून नांदेडला धाडीन. दाब उतरण्याची वाट पाहणार नाही.

संशयी : अशा दहा जणींतल्या सात-आठ नांदेडला पोचेपर्यंत आपोआप सावरतील, आणि पुढच्या वेळी घरची माणसे गाडीत बसायला तयार होणार नाहीत.

आस्थावादी : उरलेल्या दोघी-तिघींसाठी मी ते सोशीन.

संशयी : आणि गाडी निघून गेल्यावर तासाभरात विंचू चावलेले मूल आले, तर त्याच्यासाठी काय सोसणार?